काथ्याची दाढी

निवृत्तीनंतर कुणी पहाटे टेकडीवर फिरायला जातं, कुणी पेटी शिकतं, कुणी नातवंडांना शाळेत सोडतं. मी यातलं सगळं थोडं थोडं करून पाहिलं आणि मग दाढी वाढवली. चाळीसेक वर्षं रोज सकाळी सात वाजता आरशासमोर उभं राहून घोटून दाढी करणारा माणूस एका सोमवारी ब्रश न भिजवताच बाहेर आला, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, ‘ब्लेड संपलं का?’ दुसऱ्या दिवशी विचारणा झाली, ‘बरं वाटत नाहीये का?’ आठवड्यानंतर जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनी आवाज खाली आणून विचारलं, ‘गावाकडे काही... सगळं ठीक आहे ना?’

त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे एरवी गुळगुळीत दाढी करणाऱ्या माणसाचे गाल अचानक खरबरीत दिसले, तर त्याचे अर्थ ठरलेले. सुतक असेल, आजारपण असेल, नवस असेल, नाहीतर श्रावण असेल. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हतं. खरं कारण सांगायची मात्र लाज वाटत होती. कारण होतं एक कादंबरी.

पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला दोस्तोव्हस्कीची ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ मिळाली होती. कॉन्स्टन्स गार्नेट यांनी 1912 साली केलेलं इंग्रजी भाषांतर. मुखपृष्ठावर लेखकाचं चित्र होतं. वासिली पेरोव्ह या चित्रकारानं 1872 साली काढलेलं, गुडघ्याभोवती दोन्ही हातांची मिठी घालून बसलेला, कुठेतरी दूर पाहणारा माणूस. दाढी विरळच, पण चेहऱ्याला काय भारदस्तपणा आलेला! पुस्तक जाडजूड, वाचायला दीड महिना तरी लागणार. तेवढ्या दिवसांत आपलीही दाढी वाढेल, असा साधा हिशेब मी केला. वाचता वाचता थोडंफार दोस्तोव्हस्कीसारखं दिसावं, एवढीच महत्त्वाकांक्षा. साठी उलटली तरी माणूस पोरकटपणा सोडत नाही, तो असा.

दाढी वाढवणाऱ्या माणसाला सगळीकडे दाढ्याच दिसू लागतात. मलाही पानोपानी त्या दिसायला लागल्या. कादंबरीतल्या म्हाताऱ्या फ्योदोर कारामाझोव्हला आपलं जंगल विकायचं असतं. गिऱ्हाईक आहे एक धूर्त व्यापारी. सौदा करायला मुलाला पाठवताना बाप त्याला बजावतो, की त्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहू नकोस, दाढीकडे पाहा. बोलताना चिडला आणि ती तांबूस, विरळ दाढी थरथरली, तर तो खरं बोलतोय असं समज. पण डाव्या हातानं दाढी कुरवाळत हसू लागला, तर फसवायला बसलाय. मोठ्या मंडईत उभ्या जन्माचा व्यवहार केलेला माणूसच असं सांगू शकतो.

आणखी एका ठिकाणी कडाक्याच्या थंडीत बाजारातून जाणारा एक शाळकरी मुलगा समोरच्या शेतकऱ्याची थट्टा करतो, की याची दाढी बघा, गोठलीय. तो शेतकरी शांतपणे म्हणतो, पुष्कळांची गोठलीय. वाद नाही, राग नाही. मी हसलो आणि पुढे गेलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, की थट्टा करणाऱ्या त्या शाळकऱ्याला दाढी नाही, ती थट्टा सोसणाऱ्याला आहे आणि रशियातली निम्मी गोष्ट एवढ्यात आलेली आहे. पण ती कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

रशियात दाढी ही फार जुनी प्रतिष्ठेची गोष्ट. ‘रुस्काया प्राव्दा’ नावाची अकराव्या शतकापासूनची तिथली जुनी कायदेसंहिता आहे. तीत कुणी दुसऱ्याचं बोट तोडलं तर दंड तीन ग्रिव्ना आणि कुणी दुसऱ्याची दाढी उपटली तर बारा ग्रिव्ना. ग्रिव्ना म्हणजे त्या वेळचं चलन. बोटाच्या चौपट किंमत दाढीला! बोट गेलं तर शरीराची हानी, दाढी गेली तर अब्रूची, असा तो न्याय. पुढे 1551 साली मॉस्कोत भरलेल्या धर्मपरिषदेनं तर दाढी काढण्यालाच बंदी घातली. देवानं माणूस आपल्या प्रतिमेसारखा घडवला, त्या प्रतिमेवर वस्तरा चालवायचा नाही. दाढी काढलेल्या अवस्थेत जो मरेल, त्याचे अंत्यविधी धर्मगुरूंनी करू नयेत, इथपर्यंत निर्णय झाला.

अशा देशात 1698 च्या ऑगस्टमध्ये झार पीटर युरोपचा लांबलचक दौरा आटोपून परतला. हॉलंड, इंग्लंड पाहून आलेला हा सव्वीस वर्षांचा राजा. भेटीला आलेल्या दरबारी सरदारांची चौकशी करता करता त्यानं हाती कातरी घेतली आणि एकेकाच्या दाढ्या स्वतः कापल्या. पहिला नंबर लागला तो सेनापतीचा. देशाला आधुनिक करायचं होतं, जहाजं बांधायची होती, पण सुरुवात झाली ती हनुवटीपासून.

पुढे 1705 साली या गोष्टीचा रीतसर कायदा झाला. दाढी ठेवायची तर कर भरा. बड्या व्यापाऱ्यांना वर्षाला शंभर रुबल, सरदार आणि अधिकारी यांना साठ, शहरातल्या साध्या माणसांना तीस. खेड्यातल्या शेतकऱ्याला त्याच्या गावात सूट होती, पण शहराच्या वेशीतून आत जाताना आणि बाहेर पडताना दर खेपेला एक कोपेक मोजावा लागे. धर्मगुरू तेवढे मोकळे. कर भरला की तांब्याचं एक बिल्ल्यासारखं नाणं मिळे. त्यावर नाक, मिशा आणि दाढी एवढंच चित्र आणि वर पैसे घेतल्याची नोंद. आपण सायकलला बिल्ला लावत होतो, तसा हा दाढीचा बिल्ला. तो जवळ बाळगायचा आणि कुणी विचारलं की दाखवायचा. पीटर गेला तरी हा कर टिकला. 1772 साली कॅथरीन राणीनं तो रद्द केला.

या काळातली एक हकिकत मला विसरता येत नाही. जॉन पेरी नावाचा एक इंग्रज अभियंता पीटरच्या नोकरीत होता. त्यानं 1716 साली आपल्या अनुभवांचं पुस्तक छापलं. त्याच्या हाताखाली काम करणारा एक म्हातारा सुतार नुकताच दाढी उतरवून आला होता. पेरीनं गमतीनं विचारलं, दाढीचं केलंस काय? सुतारानं अंगरख्यात हात घातला आणि कापलेली दाढी काढून दाखवली. ती घरी जपून ठेवणार आणि मेल्यावर आपल्या पेटीत ठेवायला सांगणार होता. वर गेल्यावर सेंट निकोलसनं जाब विचारला तर निदान दाखवता येईल. त्या दिवशी दाढी उतरवावी लागलेल्या त्याच्या सगळ्या जोडीदारांनी हेच केलं होतं.

राजाची आज्ञा मोडायची ताकद त्या सुताराकडे नव्हती. साठ किंवा तीस रुबल भरायचीही ऐपत नव्हती. पण आपल्या चेहऱ्याचा हिशेब कुणाला द्यायचा, हे मात्र त्यानं स्वतः ठरवलं होतं.

या कायद्याचा परिणाम असा झाला, की रशियन समाजाचे दोन चेहरे झाले. सरदार, अधिकारी, सैनिक यांचे गाल गुळगुळीत. शेतकरी, गाडीवान, व्यापारी, धर्मगुरू यांना दाढ्या. दुरून माणूस दिसला तरी तो हुकूम देणारा की घेणारा, हे हनुवटीवरून कळे. कर गेला तरी ही रेघ पुसली गेली नाही. एकोणिसाव्या शतकात मॉस्कोतल्या काही सुशिक्षित जमीनदारांना वाटू लागलं, की आपण आपल्याच लोकांपासून तुटलो. त्यांनी शेतकऱ्यांसारख्या दाढ्या वाढवल्या. झार निकोलस पहिला याला त्यात बंडाचा वास आला. 1849 साली सरकारी फर्मान निघालं, की सरदारवर्गानं दाढी ठेवता कामा नये. लेखक सर्गेई अक्साकोव्ह आणि त्यांचा मुलगा कोन्स्तान्तिन या दोघांनाही दाढ्या उतरवाव्या लागल्या.

त्याच वर्षी, 1849 मध्येच, दोस्तोव्हस्की पकडला गेला. बंदी असलेलं लिखाण वाचणाऱ्या मंडळात बसतो, हा गुन्हा. डिसेंबरात त्याला गोळ्या घालण्यासाठी मैदानात उभं केलं आणि ऐन वेळी शिक्षा बदलून सैबेरियात पाठवलं. तिथं चार वर्षं सक्तमजुरी. कैद्यांचं अर्धं डोकं भादरलेलं असे, म्हणजे कुणी पळालाच तर लांबून ओळखू यावा. सरकारी न्हावी बोथट वस्तरा आणि थंड साबण वापरत. म्हणून कैदी एक कोपेक मोजून दुसऱ्या कैद्याकडून, त्याच्या स्वतःच्या वस्तऱ्यानं डोकी करून घेत, असं त्यानं तुरुंगाच्या आठवणींत लिहिलं आहे. आपल्या डोक्यावर आपला हक्क नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

निकोलस 1855 साली वारला, तसे निर्बंध सैल होत गेले. 1881 साली गादीवर आलेल्या तिसऱ्या अलेक्झांडरला तर स्वतःलाच भरघोस दाढी होती. टॉलस्टॉयचंच पाहा ना. 1856 सालच्या छायाचित्रात लष्करी गणवेशातला हा तरुण अधिकारी फक्त मिशीवर आहे. 1873 साली क्रामस्कोयनं त्याचं चित्र काढलं, त्यात छातीकडे झेपावणारी दाढी आणि अंगात साधा सदरा. सरदार वेशीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता.

हे एकदा कळलं, की या कादंबऱ्यांतल्या दाढ्या वेगळ्या दिसू लागतात. ‘युद्ध आणि शांती’मध्ये 1812 साली नेपोलियनच्या सैन्यावर गनिमी हल्ले करणारा देनिसोव्ह हा सरदारपुत्र दाढी वाढवतो, साधा अंगरखा घालतो. त्याच रानात त्याला भेटायला येणारा दोलोखोव्ह मात्र ऐटबाज गणवेशात, गुळगुळीत दाढी करून. कोण आपल्या माणसांत मिसळला आणि कोण नाही, हे टॉलस्टॉयला वेगळं सांगावं लागत नाही. श्रीमंत पियेर फ्रेंचांच्या कैदेत अनवाणी हिंडतो, तेव्हा त्याचा अर्धा चेहरा दाढीमिशांनी झाकलेला असतो आणि आयुष्यात प्रथमच तो आतून स्वस्थ असतो.

माझी दाढी एव्हाना चौथ्या आठवड्यात आली होती. भारदस्तपणा कुठेच दिसत नव्हता. गालांवर बेटं, हनुवटीवर काही तांबूस-पांढरे केस आणि मध्ये मोकळी मैदानं. कट्ट्यावरच्या एका मित्रानं नाव ठेवलं, ‘काथ्या’. म्हणाला, नारळ सोलून शेंडी तेवढी ठेवलीय. सगळे हसले, मीही हसलो. त्याच रात्री मी कॅप्टन स्नेगिर्योव्हच्या प्रकरणापाशी पोचलो.

स्नेगिर्योव्ह हा सैन्यातून बाहेर पडलेला, दारूच्या आहारी गेलेला, किडकिडीत गरीब माणूस. आजारी बायको, अपंग मुलगी आणि इल्युशा नावाचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याची दाढी तांबूस, विरळ. लोक तिला ‘मोचाल्का’ म्हणतात. मोचाल्का म्हणजे लिंडन झाडाच्या सालीच्या धाग्यांची अंग घासायची घासणी. आपल्याकडचा काथ्याच म्हणा. एकदा कारामाझोव्हांचा थोरला मुलगा द्मित्री रागाच्या भरात त्याला दाढी धरून दारूच्या गुत्त्यातून बाहेर ओढतो आणि चौकापर्यंत फरफटत नेतो. नेमकी तेव्हाच शाळा सुटलेली असते. इल्युशा बापाला त्या अवस्थेत पाहतो. धावत येतो, बापाला मिठी मारतो, मारणाऱ्याच्या हाताचं चुंबन घेऊन म्हणतो, माझ्या बाबांना सोडा, क्षमा करा.

दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुलं त्याला ‘मोचाल्का’ म्हणून चिडवू लागतात. बापानं गप्प बसायचे दहा रुबल घेतले, असंही पसरवतात. एवढासा मुलगा एकटा सगळ्यांवर दगड फेकतो. बापाला द्वंद्वाला आव्हान देता येत नाही. तो मेला तर घर कोण चालवणार? पुढे द्मित्रीची वाग्दत्त वधू अपमानाची भरपाई म्हणून दोनशे रुबल पाठवते. घरात औषधाला पैसे नाहीत. स्नेगिर्योव्ह नोटा हातात घेतो, हरखून जातो, काय काय करता येईल याची स्वप्नं सांगतो आणि मग एकदम त्या चुरगाळून पायाखाली तुडवतो. पैसे घेतले तर मुलाला काय सांगू, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

मी पुस्तक मिटून ठेवलं. संध्याकाळचं ‘काथ्या’ मला अजिबात लागलं नव्हतं. लागायचं कारणच नव्हतं. दाढी हौसेची होती, चिडवणारा मित्र होता आणि ते ऐकून शाळेत दगड फेकणारं कुणी नव्हतं. झोप उडाली ती वेगळ्याच शब्दानं. तो शब्द होता ‘टोपी’.

आपल्याकडे अब्रू दाढीत नव्हती. मिशीत थोडी होती, म्हणून तर लोक ‘मिशी उतरवीन’ अशी पैज लावत. पण खरी अब्रू डोक्यावर असे. पागोटं असो वा टोपी, मोठा माणूस बोडक्या डोक्यानं बाहेर पडत नसे. मुलीच्या बापानं व्याह्यांच्या पायावर पागोटं ठेवलं, म्हणजे त्याच्याजवळ देण्यासारखं आणखी काही उरलं नाही, असा अर्थ होता.

1968 सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी सहावीत होतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील आडतीवर हमाली करत. एका बाजारच्या दिवशी, उधारी थकली म्हणून एका दुकानदारानं भर रस्त्यात त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून चिखलात भिरकावली. आमची शाळा नुकतीच सुटली होती. त्यांनी टोपी उचलली, गुडघ्यावर दोनदा झटकली. पण डोक्यावर घातली नाही. सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि तसेच बोडक्या डोक्यानं निघून गेले. तो मुलगा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी त्याला ‘टोपी’ म्हणालं. ते मी म्हणालो नव्हतो, याची मला खात्री आहे. तिसऱ्या दिवशी मात्र मी म्हणालो, याचीही आहे. दीड वर्ष आम्ही त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. त्यानं दगड फेकले नाहीत. तो मान खाली घालून बसायचा. सातवीनंतर शाळेत आला नाही. का आला नाही, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

कादंबरी वाचून झाल्यावर मी दोन जुन्या वर्गमित्रांना फोन केले. दोघांनाही तो लगेच आठवला. ‘टोपी ना? अरे हो, आठवतो की!’ मी म्हटलं, त्याचं नाव काय होतं? फोनवर शांतता. मलाही आठवत नव्हतं. चाळीस मुलांच्या त्या वर्गातली कितीतरी नावं मला पाठ आहेत, पण ज्याला सर्वांत जास्त वेळा हाक मारली, त्याचंच नाव आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी केशकर्तनालयात गेलो. खुर्चीत मान मागे टेकून डोळे मिटले. मनात सहावीची हजेरी सुरू केली. गुरुजींच्या आवाजात, एक नंबरपासून. सत्ताविसाव्या क्रमांकाला ते नाव आलं. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. गुरुजी हजेरीत पूर्ण नाव घेत आणि तो ‘हजर’ म्हणे. शाळेत त्याला त्याच्या नावानं हाक मारणारी तेवढी एकच वेळ होती. ते नाव मी इथं सांगणार नाही. पण आता ते माझ्याजवळ आहे आणि त्या गावात अजून आमची ओळखीची दोन घरं आहेत. चौकशी सुरू केली आहे.

‘काका, ठेवायची की काढायची?’ वस्तरा हातात घेऊन तो मुलगा विचारत होता. पीटरच्या सरदारांना हे कुणी विचारलं नव्हतं, त्या सुतारालाही नाही. मी म्हटलं, ‘काढून टाक.’